चारशे वीस झेंडे

एम. ए.च्या वर्गात साहित्यशास्त्र शिकवताना अभिनवगुप्ताच्या सात रसविघ्नांपाशी आमची गती दरवर्षी मंदावते. ‘अभिनवभारती’तील हे विवेचन हजार वर्षांपूर्वीचे, त्यातील उदाहरणे संस्कृत नाटकांची, आणि समोरचा वर्ग शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा अशा गावांतून आलेला. ‘संभावनाविरह’ समजावून सांगणे सोपे जाते, कारण न पटणारी घटना रसभंग करते हे कोणालाही पटते. ‘अप्रधानता’ या विघ्नापाशी मात्र अडते. गौण वस्तूवर रसिकाची जाणीव विसावत नाही, ती प्रधानाकडे धाव घेत राहते. म्हणून जी साधने आहेत ती साधनेच राहिली पाहिजेत, असे काहीसे आम्ही सांगतो. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि उदाहरणाची जागा कोरी राहते.

गेल्या वर्षी ही जागा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने भरून काढली. वसतिगृहातील मित्राच्या लॅपटॉपवर त्याने एक व्हिडिओ गेम खेळला होता. त्यातील नायकाच्या वडिलांना आणि दोन भावांना भर चौकात फाशी दिले जाते. धाकट्या भावाला पक्ष्यांची पिसे जमवण्याचा नाद असतो. त्याच्या मृत्यूनंतर आईची वाचा जाते, आणि नायक शहराशहरांच्या छपरांवर अडकलेली पिसे गोळा करून तिच्यापाशी आणून ठेवतो. एकूण पिसे शंभर. विद्यार्थ्याचे म्हणणे असे, की पहिली आठदहा पिसे उचलताना त्याला तो मुलगा आठवत होता. साठावे उचलले तेव्हा फक्त चाळीस उरली एवढेच डोक्यात होते.

यापेक्षा नेमके उदाहरण आम्हाला आजवर सुचले नव्हते. पिसावर मन विसावत नाही, कारण ते केवळ पीस. ज्याच्याकडे मनाने धाव घ्यायची तो भाऊ विसरला गेलेला. मग उरते ती नुसती धाव. या उदाहरणाने आम्हाला एका अनोळखी इतिहासाकडे वळवले. त्याचा आम्ही जमेल तसा मागोवा घेतला, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना त्यात स्वारस्य वाटावे असे बरेच काही सापडले. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

प्रथम संज्ञांचा उलगडा. ज्याला ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात तो खेळ ठरावीक मार्गाने पुढे सरकत नाही. एक विस्तीर्ण प्रदेश खेळणाऱ्यासमोर मांडलेला असतो. कथानक असते, पण ते बाजूला ठेवून डोंगर चढावा, नदीकाठाने भटकावे, गावात शिरावे, याची मुभा असते. या प्रदेशात विखरून ठेवलेल्या, मोजून जमवायच्या वस्तूंना ‘कलेक्टिबल्स’ म्हणतात. आपण त्यांना वेचायच्या वस्तू म्हणू. आणि या कल्पित जगात आपण खरोखर आहोत अशी जी मनाची अवस्था होते तिला आपल्या शास्त्रात तन्मयता हा जुना शब्द आहे. प्रश्न असा, की वेचायच्या वस्तू वाढत गेल्या तेव्हा तन्मयतेचे काय झाले?

वेचणे हा व्हिडिओ गेमच्या जवळजवळ जन्माबरोबरचा व्यवहार आहे. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’मध्ये एका चक्रव्यूहात २४० लहान आणि ४ मोठे ठिपके असतात, ते सगळे गिळले की पुढचा डाव. तेथे वेचणे आणि खेळणे यांत भेद नाही, त्यामुळे विघ्नाचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच वर्षी बाजारात आलेल्या अटारी कंपनीच्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक वेगळी गोष्ट दडलेली होती. त्या काळी ही कंपनी खेळ रचणाऱ्याचे नाव कोठेही देत नसे. वॉरन रॉबिनेट याने कोणालाही न सांगता एक गुप्त दालन तयार केले आणि त्यात आपले नाव लिहून ठेवले. भिंतीच्या रंगात मिसळून गेलेला एक बारीक ठिपका शोधून, योग्य ठिकाणी नेल्यावरच त्या दालनात शिरता येई. एका पंधरा वर्षांच्या मुलाने पत्र लिहून कळवले तेव्हा कंपनीला त्याचा पत्ता लागला. ठिपका एकच, पण त्यामागे एक माणूस उभा होता. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा आठवावी.

१९८६ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ आला. त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो याचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावी गेले. रानात भटकताना त्याला एक गुहा सापडली आणि पुढे कंदील घेऊन तो तिच्यात शिरला, ही आठवण त्याने अनेकदा सांगितली आहे. या खेळात झुडूप जाळले तर खाली जिना निघतो, भिंत फोडली तर आत म्हातारा बसलेला असतो. येथे लपवलेली वस्तू त्या जगाविषयी काही सांगते. हे जग दिसते त्यापेक्षा खोल आहे, असे ती सुचवते आणि पुढच्या प्रत्येक झुडपाकडे आपण अधिक लक्ष देऊन पाहू लागतो. वेचण्याने तन्मयता वाढते ती अशी. हे मुद्दाम नमूद करायला हवे, कारण पुढे येणारी टीका वेचण्यावर नाही.

१९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये १२० तारे होते आणि ७० मिळाले की शेवटच्या लढाईपर्यंत पोचता येत असे. उरलेले ५० ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडलेले. तीनच वर्षांत, १९९९ साली, ‘डाँकी काँग ६४’ या खेळाने हा तोल सोडला. त्यात पाच माकडे, प्रत्येकाचा केळ्यांचा रंग निराळा, आणि एकाच्या रंगाचे केळे दुसऱ्याला उचलता येत नाही. सात प्रदेशांत प्रत्येक माकडासाठी शंभर, म्हणजे ३,५०० रंगीत केळी. त्यांखेरीज २०१ सोनेरी केळी, आणि आणखी नाणी, पदके, आराखडे. ज्या वाटेने आपण आत्ताच चालत गेलो त्याच वाटेने दुसरे माकड घेऊन पुन्हा जायचे, कारण मघाशी समोर दिसलेली केळी निळी होती. अद्भुतरम्य प्रदेशाचे रूपांतर पाच वेळा झाडायच्या अंगणात झाले. या प्रकारच्या खेळांची लाट पुढील काही वर्षांत ओसरली. पण वेचायच्या वस्तू संपल्या नाहीत, त्या मुक्त प्रदेशांच्या नव्या खेळांत येऊन स्थिरावल्या.

येथे आमच्या पिढीचा थोडा संबंध येतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, आणि त्यानंतरच्या चारपाच वर्षांत या भागात सायबर कॅफे निघाले. आम्ही तेव्हा पदवीच्या वर्गात होतो. २००२ साली आलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’ तेथल्या संगणकांवर चाले. २००१ सालच्या आधीच्या भागाप्रमाणे यातही शंभर गुप्त वस्तू लपवलेल्या आणि दर दहा वस्तूंमागे काही बक्षीस असे. आमच्यापैकी कोणीही त्या शंभर शोधल्या नाहीत. भारनियमनाचा काळ होता. वीज गेली की खेळलेले सगळे पुसले जाई. त्यामुळे जमवण्यात अर्थच नव्हता. गाडीतला रेडिओ लावून समुद्राकाठच्या रस्त्याने संध्याकाळपर्यंत फिरत राहणे एवढेच आमच्या वाट्याला आले. समुद्र न पाहिलेल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलांना ते पुरेसे होते. त्या रस्त्याची वळणे आम्हाला आजही आठवतात. तेव्हा आमचे काही राहून गेले असे आम्हाला वाटलेही नव्हते.

राहून जाण्याची ही जाणीव खेळात शिरली ती २००५ साली, असे आमचे निरीक्षण आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ हे यंत्र आले आणि त्याबरोबर ‘अचिव्हमेंट’ची पद्धत. दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक खेळाला एक हजार गुण. विशिष्ट कामे पुरी केली की ते खेळणाऱ्याच्या खात्यावर जमा होत, आणि खाते सर्वांना दिसे. २००८ साली सोनीच्या ‘प्लेस्टेशन ३’वर अशाच धर्तीची पदके आली. हा बदल दिसतो त्याहून मोठा होता. तोवर वस्तू खेळातल्या जगात होती आणि तिचे फळही त्याच जगात मिळे. आता वस्तू आत राहिली आणि फळ बाहेर गेले.

नोव्हेंबर २००७ मधील ‘असॅसिन्स क्रीड’ हे याचे ठळक उदाहरण. काळ इ. स. ११९१, तिसऱ्या धर्मयुद्धाचा. स्थळे दमास्कस, जेरुसलेम, एकर. त्या काळच्या मशिदी, बाजार, तटबंद्या उभारण्यात फ्रान्सच्या यूबिसॉफ्ट कंपनीने अपार परिश्रम घेतलेले. एकर शहर त्याच वर्षी जुलैत धर्मयोद्ध्यांच्या हाती पडले होते. खेळातले एकर करड्या प्रकाशात, वेढ्याच्या खुणा अंगावर घेऊन उभे आहे. आणि या सगळ्या प्रदेशात झेंडे रोवलेले आहेत. तीन शहरांत प्रत्येकी शंभर, त्यांना जोडणाऱ्या मुलखात शंभर, मस्याफ या गढीत वीस, एकूण ४२०. आपल्याकडे हा आकडा कशासाठी प्रसिद्ध आहे हे सांगायला नको, आणि योगायोगाने तो येथे शोभतोही. कारण हे झेंडे गोळा केल्यावर खेळातल्या जगात काहीही घडत नाही. कोणी बोलत नाही, दार उघडत नाही, कथा तसूभर पुढे सरकत नाही. एक्सबॉक्सच्या खात्यावर मात्र गुण जमा होतात. नकाशावर झेंड्यांच्या जागा दाखवलेल्या नव्हत्या. सगळे हवे असतील तर त्या जागांची यादी शेजारी ठेवून खेळण्यावाचून उपाय नव्हता. बाराव्या शतकातल्या जेरुसलेममध्ये उभा असलेला माणूस जेरुसलेमकडे न पाहता यादीकडे पाहतो आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणावे.

दोन वर्षांनी, २००९ साली, याच मालिकेचा दुसरा भाग आला. पिसांचा खेळ तो हाच. कर्त्यांना आपली चूक उमगली असावी असे त्यावरून वाटते, कारण पिसांना त्यांनी अर्थ दिला. एझिओचा धाकटा भाऊ पेत्रुच्चिओ पिसे जमवत असे; त्याच्या मरणानंतर ती जमवणे हा शोकाचा विधी झाला. शंभरावे पीस ठेवल्यावर आई बोलते. कल्पना फार सुंदर आहे. तरीही आमच्या विद्यार्थ्याला साठाव्या पिसापाशी भाऊ आठवेनासा झाला. म्हणजे अर्थ असून भागले नाही. एकच अर्थ शंभर ठिकाणी जसाच्या तसा ठेवला होता. करुणाचा परिपोष आवृत्तीने होत नाही. प्रत्येक पीस जर भावाविषयी काही नवे सांगते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

येथे आम्हाला महानुभावांची स्थानपोथी आठवते. ज्यांनी प्राचीन मराठी वाङ्मय अभ्यासले आहे त्यांना हा ग्रंथ वरवर किती रूक्ष वाटतो हे माहीत आहे. चक्रधरस्वामी जेथे गेले, बसले, निजले, त्या स्थानांची ती जंत्री. गाव, देऊळ, दार कोणत्या दिशेला, ओटा कोठे. नव्या भाषेत सांगायचे तर एका विस्तीर्ण प्रदेशाचा, वेचायच्या जागा दाखवणारा नकाशा. तरीही त्या जागांचा अतिरेक कोणाही महानुभावाला जाणवला नसेल. कारण प्रत्येक स्थानामागे लीळाचरित्रातील एक लीळा आहे आणि कोणतीही लीळा दुसरीसारखी नाही. एका ठिकाणी स्वामी दृष्टान्त सांगतात, एका ठिकाणी कोणाची तरी थट्टा करतात, एका ठिकाणी फक्त निजतात. म्हाइंभटानेही तेराव्या शतकात लीळा गोळाच केल्या होत्या. स्वामींना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना आठवेल ते ऐकून, पारखून. त्याच्यासारखा संग्राहक मराठीत विरळा. पण त्याच्या संग्रहातला प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी स्मरणातून आलेला आणि म्हणून निराळा होता. लीळा नसलेले स्थान म्हणजे नुसता ओटा, आणि जेरुसलेमचे झेंडे हे असे लीळेविना बांधलेले शंभर ओटे होते.

पुढच्या काळात या ओट्यांची संख्या वाढतच गेली. २०१२ च्या ‘फार क्राय ३’मध्ये मनोऱ्यावर चढले की भोवतालचा नकाशा उघडे आणि त्यावर चिन्हांची पखरण होई. जे स्वतः भटकून शोधायचे ते आधीच टिपून हाती मिळाले. २०१४ च्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त फ्रेंच राज्यक्रांतीचे पॅरिस उभारलेले होते, आणि त्याचा नकाशा पेट्यांच्या चिन्हांनी भरून गेलेला. त्यातील काही पेट्या खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत खेळात राहून उघडतच नसत. त्यासाठी फोनवरचे निराळे ॲप वापरावे लागे. क्रांतीच्या धुमश्चक्रीत उभ्या माणसाने खिशातून फोन काढावा, याहून उघड रसभंग कोणता? २०१५ च्या ‘बॅटमॅन : आर्कम नाइट’ने तर कथेचा पुरा शेवट पाहायचा असेल तर रिडलर या खलपात्राची २४३ कोडी सोडवण्याची अट घातली. कादंबरीचे शेवटचे पान हवे असेल तर आधी परिशिष्टातील सर्व टिपा पाठ म्हणून दाखवा, असे एखाद्या प्रकाशकाने सांगावे त्यातला हा प्रकार.

हे का घडले असावे? एक कारण अर्थकारणाचे आहे. जग विस्तीर्ण उभारायचे तर ते भरावेही लागते. एक चांगला प्रसंग लिहिणे, अभिनित करणे, घडवणे यास महिने लागतात. एकच पेटी तीनशे जागी ठेवणे स्वस्त पडते. खेळ किती तास चालतो हा जाहिरातीचा मुद्दा झाल्यावर पेट्या वाढणे ओघाने आले. हा उद्योग आपल्यापासून फार दूर आहे असेही समजू नये. यूबिसॉफ्टने २००८ साली पुण्यात आणि २०१८ साली मुंबईत आपली शाखा उघडली. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. तो मुक्त प्रदेशाचा नाही. भावाला शोधत निघालेल्या एका मुलीची ती सरळ वाटेची गोष्ट आहे. तिच्या वाटेवर भित्तिचित्रे लागतात आणि त्यांपाशी थांबले की दुर्गेची, विष्णूची कथा ऐकू येते. मोठ्या उद्योगाच्या मानाने हा प्रयत्न लहान, पण वाटेवरची प्रत्येक चौकट काही निराळे सांगते ही जाण त्यात आहे.

दुसरे कारण आपल्या मनाच्या घडणीत आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधी सांगून बक्षीस दिले. नंतर मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना बक्षिसाची आगाऊ कल्पना नव्हती त्यांची आवड टिकून राहिली. बक्षीस मिळाल्याने नव्हे तर बक्षिसासाठी काढल्याने चित्राची गोडी आटली. अभिनवगुप्ताच्या यादीत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे आणखी एक विघ्न आहे, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखांच्या अधीन होणे. खात्यावरचे गुण हे खेळणाऱ्याचे निजसुख. ते आठवताच एझिओ संपतो आणि आपण उरतो.

या इतिहासात दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. जपानच्या फुमितो उएदा याने २००५ साली ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा खेळ रचला. विशाल, निर्मनुष्य प्रदेश. त्यात सोळा महाकाय प्राणी. आणि मधे जवळजवळ काही नाही. फळे आणि सरडे आहेत, पण मुख्यतः पसरलेले माळ, पडके पूल, वारा. मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी नायक एकेका प्राण्याला मारत जातो, आणि आपण करतो आहोत ते योग्य की अयोग्य हा प्रश्न त्या रिकाम्या माळावरून घोडा हाकताना मनात वाढत जातो. रिकामी जागा तेथे अर्थाची जागा होती. २०१८ साली याच खेळाची नवी, देखणी आवृत्ती दुसऱ्या एका चमूने घडवली. त्यांनी मूळ रचना मोठ्या आदराने जपली, मात्र त्या रिकाम्या प्रदेशात ७९ सोनेरी नाणी लपवून ठेवली. सगळी मिळाली की एक तलवार. यामागे जुन्या रसिकांविषयीचा स्नेह होता. वर्षानुवर्षे त्या प्रदेशात कसले तरी अखेरचे रहस्य शोधत फिरणाऱ्यांना ती भेट होती. पण त्या भटक्यांना जे लाभले ते काही सापडले नाही म्हणूनच लाभले होते, हे त्या भेटीत विसरले गेले.

दुसरा प्रसंग उलट दिशेचा. मार्च २०१७ मध्ये ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला. त्यात कोरोक नावाच्या वनदेवतांची ९०० बीजे आहेत. पोतडी पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. हट्टाने नऊशेच्या नऊशे गोळा करणाऱ्याला शेवटी मिळते ती विष्ठेच्या आकाराची एक सोनेरी वस्तू, आणि ती हाती असली की एक वनदेव नाचून दाखवतो. इतकेच. आम्हाला हे प्रथम कळले तेव्हा हसू आले, मग त्यातला विचार लक्षात आला. नऊशे बीजे सगळी शोधावीत म्हणून ठेवलेली नाहीत. जो कोणी जेथे जाईल तेथे त्याला एखादे सापडावे म्हणून ठेवली आहेत. टेकडीच्या माथ्यावर एकटाच दगड दिसला, तो उचलून पाहिला, खाली कोणी लपलेले निघाले. मनोऱ्यावर चढल्यावर येथे नकाशा उघडतो, पण चिन्हे उमटत नाहीत. जी खूण करायची ती आपणच करायची. एकूण किती टक्के झाले हा आकडाही मुख्य शत्रूचा पाडाव होईपर्यंत दिसत नाही. संख्या ४२० च्या दुपटीहून अधिक, तरी विघ्न कमी. म्हणून अतिरेक हा केवळ संख्येचा प्रश्न नाही असे आम्ही म्हणतो. वस्तू जगाकडे पाहायला लावते की यादीकडे, यावर तो ठरतो.

आमच्या जिल्ह्यात हा भेद समजायला खेळाचीही गरज नाही. मार्च-एप्रिलात सातपुड्यात मोहाची फुले गळतात. पहाटे उठून, टोपल्या घेऊन, अख्खी घरे झाडाखाली जातात. खालचा पालापाचोळा आधीच काढून जमीन साफ केलेली असते, आणि फुले एकेक करून वेचतात. फुलांचा अतिरेक म्हणावा तर तोही असतोच. झाडाखाली पांढरट सडा पडलेला. पण हे वेचणारा झाडाला विसरत नाही. कोणते झाड कोणाचे, कोणते आधी फुलते, यंदा फूल बारीक का, ढग आले तर वाळवण कोठे न्यायचे, हे सगळे त्याच्या हातात असते. वर्गातल्या अनेकांनी लहानपणापासून हे केले आहे. पिसांविषयी बोलणारा विद्यार्थी त्यांपैकीच. पिसे मोजताना त्याला काहीतरी खटकले ते वेचण्याची दुसरी रीत त्याच्या अंगात मुरलेली होती म्हणून, असे आम्हाला वाटते.

मराठीत ‘वेचणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. एक गोळा करण्याचा, दुसरा खर्च करण्याचा; आपण फुले वेचतो आणि आयुष्यही वेचतो. दुसऱ्या अर्थामागे ‘व्यय’ आहे आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे शब्द वेगळे असतील. पण भाषेने त्यांना एकाच रूपात शेजारी बसवले आहे. झेंडे वेचणारा त्याच वेळी संध्याकाळ वेचत असतो. प्रत्येक संग्राहकाला हा हिशेब मांडावा लागतो. वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्यात दोन्ही अर्थांनी आयुष्य वेचले आणि १९२६ च्या डिसेंबराअखेर धुळ्यात देह ठेवला. त्यांनी जमवलेले कागद मोजण्यासाठी नव्हते. एकेका कागदातून त्यांना एक जग उभे करायचे होते, आणि त्यांच्या प्रस्तावना त्याची साक्ष देतात.

शेवटी आमच्याविषयी. हा इतिहास वाचताना आम्हाला पुनःपुन्हा आमची वर्गखोली दिसत होती. आम्ही कविता शिकवतो ती कशी? वृत्त कोणते, अलंकार किती, प्रतिमा कोणत्या, संदर्भासह स्पष्टीकरणाच्या ओळी कोणत्या. विद्यार्थी हे झेंडे निष्ठेने गोळा करतो, परीक्षेत रोवतो आणि कवितेच्या जेरुसलेममधून मान वर न करता निघून जातो. त्याला दोष कसा द्यावा? जागांची यादी त्याच्या हाती आम्हीच दिलेली असते. आणि आमचे तरी काय? २०१० नंतर प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आली, तेव्हा चर्चासत्रे, निबंध, उजळणी वर्ग यांची प्रमाणपत्रे आम्हीही वेचू लागलो. कोणी जबरदस्तीने आमचे वाचन हिरावून घेतले नाही. कोणता निबंध कशासाठी लिहावा हे ठरवताना आम्ही विषयाआधी गुणांकडे पाहू लागलो, हे आमचेच कर्तृत्व.

हा लेख लिहिण्याआधी आम्ही आपापल्या प्रमाणपत्रांच्या फाइली काढून बसलो. दोघांच्या मिळून सत्तराच्या वर निघाली. त्यांपैकी कोठे काय ऐकले, कोणाशी काय वाद झाला, परतताना एसटीत काय बोलणे झाले, हे आठवून सांगता येतील अशी आम्ही बाजूला काढली. ती नऊ भरली. उरलेली फाइलीत परत लावून ठेवली. पुढच्या वेळी लागतील.